सरळ रेघेच्या शोधातला माणूस

मागच्या वर्षीच्या गॅदरिंगची गोष्ट. हॉस्टेलच्या मुलींनी भजन आणि नाट्यगीतांचा तासाभराचा कार्यक्रम बसवला होता आणि रेकॉर्डिंगची जबाबदारी माझ्यावर येऊन पडली. का, तर मी इलेक्ट्रॉनिक्सची! (आमच्याकडे मेसचा मिक्सर बिघडला तरी इलेक्ट्रॉनिक्सवालीलाच हाक मारतात.) एका सीनियरकडून चांगल्यातला माइक मागून आणला. तालमीला तो तबल्यापासून चार बोटांवर ठेवला, तर डग्ग्याने सगळ्यांना गिळून टाकलं. म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी तोच माइक उचलून हॉलच्या पार मागे नेला. आता डग्गा गायब, गाणारीचा आवाज बादलीत तोंड घालून गायल्यासारखा, आणि सगळ्यात स्पष्ट काय ऐकू आलं असेल तर डोक्यावरचा पंखा आणि मागच्या रांगेतल्या वेफर्सच्या पुड्या.

गाणारी माझी रूमी होती. तिला ते रेकॉर्डिंग गावी आजीला पाठवायचं होतं. ती पदं आजीनेच तिला शिकवलेली, आणि आजीला आता प्रवास झेपत नाही. तिने हेडफोन लावून दोन मिनिटं ऐकलं, काढून ठेवला आणि काही न बोलता पाणी भरायला गेली. ती मला चार शिव्या देती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या काकांना हे सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं की माइकच्या खोक्यात घडी घातलेला एक कागद असतो, तो उघडून बघितलास का? मी नव्हता बघितला. त्या कागदावर एक आलेख होता. आडव्या अक्षावर २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत फ्रिक्वेन्सी, उभ्या अक्षावर डेसिबल, आणि मधून जाणारी एक रेघ. बरीचशी सरळ, शेवटी जरा वर उचललेली. हाच माइकचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स. (मराठीत वारंवारता प्रतिसाद म्हणतात म्हणे, पण मी कॉन्व्हेंटमधली, तसं लिहायला घेतलं की माझं मलाच हसू येतं.) म्हणजे प्रत्येक सुराला माइक किती मान देतो त्याचा हिशेब. रेघ सरळ असेल तर डग्ग्यालाही तेवढाच मान आणि टाळांनाही तेवढाच. काका म्हणाले की ही रेघ सरळ करण्यात एका माणसाचं अख्खं आयुष्य गेलंय, त्याचं वाच. त्याचं नाव गेऑर्ग नॉयमान. आपण सगळे न्यूमन म्हणतो ते चूक, तो जर्मन होता.

नॉयमानचा जन्म १३ ऑक्टोबर १८९८ चा, बर्लिनच्या ईशान्येला असलेल्या कोरिन नावाच्या छोट्या गावातला. तो शिकला बर्लिनच्या मिक्स अँड गेनेस्ट या टेलिफोन बनवणाऱ्या कंपनीत, शिकाऊ म्हणून. आपल्याकडे आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप करतात ना, साधारण तसं समजा. नंतर तो एईजी कंपनीच्या प्रयोगशाळेत गेला. तिथे ऑयगेन राइस हे त्याचे वरिष्ठ होते. राइस यांनी स्वतःची कंपनी काढली तेव्हा नॉयमान त्यांच्याबरोबर बाहेर पडला.

त्या काळी माइक म्हणजे कार्बनचा माइक, टेलिफोनमध्ये असायचा तसा. धातूच्या पडद्यामागे कोळशाचे दाणे भरायचे. आवाजाने पडदा हलला की दाणे दाबले जातात, रेझिस्टन्स बदलतो, करंट बदलतो. बोलण्यापुरतं हे ठीक. पण ताठ पडद्याला स्वतःचा एक सूर असतो. त्या सुराच्या आसपासचं काहीही आलं की तो दणकून हलतो, बाकीच्यांकडे दुर्लक्ष करतो. आलेखावर रेघ कसली, मधोमध एक डोंगर आणि दोन्हीकडे दरी! अशा माइकसमोर व्हायोलिन वाजवा नाहीतर पिपाणी, फरक कळणं मुश्कील.

१९२३ मध्ये जर्मनीत रेडिओ सुरू झाला आणि आता टेलिफोनच्या माइकवर अख्खा ऑर्केस्ट्रा ऐकवायची वेळ आली. पंचवीस वर्षांच्या नॉयमानने उपाय काढला तो इतका साधा आहे की लॅबमध्ये बसून करता येईल. संगमरवराचा जड ठोकळा घेतला, त्यात उथळ खळगा केला, त्यात बारीक कोळशाची पूड पसरली आणि वरून पातळ रबराचा पडदा लावला. करंट पडद्यातून पाठीमागे न नेता पुडीतून आडवा नेला. दगड इतका जड की तो स्वतः हलत नाही, आणि रबर इतकं मऊ की त्याला हट्टी असा सूर नाही. डोंगर बराच खाली बसला. हा माइक युरोपभर गेला, इंग्लंडमध्ये बीबीसीनेही वापरला. मात्र त्याला नाव पडलं राइस माइक्रोफोन, साहेबांचं. प्रोजेक्ट एकाने करायचा आणि रिपोर्टवर पहिलं नाव दुसऱ्याचं, हे आपल्याच कॉलेजात चालतं असं समजू नका.

पण कोळसा तो कोळसाच. त्याची स्वतःची सतत खसखस चालू असते आणि वरचे सूर पोचेपर्यंत थकतात. दुसरा रस्ता अमेरिकेत एडवर्ड वेंट याने १९१६ मध्येच दाखवून ठेवला होता. तो म्हणजे कंडेन्सर माइक. आपण फर्स्ट इयरला शिकलो तो कपॅसिटरच, फक्त त्याची एक प्लेट म्हणजे अतिशय पातळ, हलका पडदा. चार्ज जवळपास कायम ठेवायचा. पडदा पुढेमागे झाला की अंतर बदलतं, कपॅसिटन्स बदलतो, म्हणून व्होल्टेज बदलतं. यातली मजा अशी की पडदा ताणून त्याचा स्वतःचा सूर पार वर नेता येतो आणि मागच्या प्लेटला भोकं पाडून तिथली हवा गादीसारखी वापरता येते. ती गादी पडद्याची मस्ती जिरवते. रेघ आता खरोखर सरळ व्हायला लागते. तोटा एवढाच की सिग्नल इतका नाजूक असतो की दोन हात वायरमध्येच मरतो. त्यामुळे व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर माइकच्या पोटातच बसवावा लागतो.

प्रयोगशाळेत हे जमणं वेगळं आणि दुकानात मिळेल असं बनवणं वेगळं. १९२८ मध्ये, तिशी गाठताना, नॉयमानने एरिक रिकमान या भागीदाराबरोबर बर्लिनमध्ये आपली कंपनी काढली आणि सीएमव्ही-३ हा कंडेन्सर माइक आणला. मोठ्या संख्येने बनवून विकला गेलेला हा पहिला कंडेन्सर माइक मानतात. सुमारे ४० सेंटिमीटर उंच, ३ किलोच्या आसपास वजन, आकार बाटलीसारखा, म्हणून लोक त्याला नॉयमानची बाटलीच म्हणत. या वेळी नाव त्याचं स्वतःचं होतं!

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र माइकची नाही. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स काढायचा म्हणजे एकेका फ्रिक्वेन्सीला मीटर वाचून ठिपके मांडायचे. आपण अॅम्प्लिफायरच्या प्रॅक्टिकलला काढतो तसंच, आणि प्रामाणिकपणे काढायचं तर किती वेळ जातो ते सगळ्यांना माहीत आहे. (अप्रामाणिकपणे किती जातो तेही माहीत आहे.) नॉयमानच्या कंपनीने सरकत्या कागदावर पेनने थेट डेसिबलमध्ये रेघ ओढणारं लॉगॅरिथमिक रेकॉर्डर यंत्र बनवलं. म्हणजे रेघ सरळ करणाऱ्यानेच ती रेघ काढायचं यंत्रही केलं. खोक्यातला तो घडीचा कागद हाती घेतला की मला ते पेन दिसतं. ज्याच्यावर ग्रामोफोनच्या रेकॉर्डची मूळ तबकडी कोरतात ती लेथही ही कंपनी बनवायची. गाणं माइकमध्ये शिरण्यापासून तबकडीवर उतरेपर्यंत दोन्ही टोकं त्याच्या हातात होती.

१९३० च्या दशकात ब्राउनम्यूल आणि वेबर या दोघांनी एकाच कॅप्सूलमध्ये मागेपुढे दोन पडदे बसवून समोरचं ऐकणारा आणि पाठीमागचं टाळणारा माइक कसा करायचा ते शोधलं. नॉयमानची एम-७ ही कॅप्सूल याच रचनेची. सोन्याचा मुलामा दिलेला प्लॅस्टिकचा पडदा, जाडी केसापेक्षा कितीतरी कमी. पुढे तीस-चाळीस वर्षं जगात जे रेकॉर्ड झालं, त्यातलं कितीतरी या पडद्यावर आदळून गेलेलं आहे.

आता एक पान असं आहे जे मी गाळणार होते. १९३३ नंतर जर्मनीत सत्ता कोणाची होती ते सांगायला नको. त्या काळातले भाषणांचे फोटो बघा. हिटलरच्या तोंडासमोर उभी असते ती हीच बाटली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकलाही हीच होती. माइकला कोण बोलतंय ते कळत नाही, रेघ त्याच्यासाठीही तेवढीच सरळ. पण बनवणाऱ्याला कळतं ना. ती ऑर्डर त्याच्याच कारखान्यातून जात होती, आणि कारखाना चालू राहिला. मी हे वाचून दोन दिवस लेख बाजूला ठेवला होता. मग ठरवलं की आवडत्या माणसाचं लिहायचं तर हेही त्यातच येणार.

त्याच राज्यकर्त्यांनी सुरू केलेल्या युद्धाने कारखाना खाल्ला. नोव्हेंबर १९४३ मध्ये बर्लिनवर बाँब पडले, त्यात कारखान्याला आग लागली. उरलेली यंत्रं आणि माणसं घेऊन नॉयमानने थुरिंगियातल्या गेफेल या आडगावी बस्तान हलवलं. जीव वाचला, काम सुरू झालं. पण १९४५ मध्ये युद्ध संपलं आणि नकाशाची फाळणी झाली. थुरिंगियात आधी अमेरिकन सैन्य आलं, काही महिन्यांनी तो भाग रशियनांकडे गेला. नॉयमान पश्चिम बर्लिनमध्ये येऊन पुन्हा शून्यापासून उभा राहिला आणि गेफेलचा कारखाना पलीकडे राहिला. माणसं तीच, कॅप्सूल तीच एम-७, मधे सीमा. १९६१ मध्ये तर भिंतच आली. १९७२ मध्ये पूर्व जर्मन सरकारने गेफेलचा कारखाना ताब्यात घेतला, तेव्हा नॉयमान त्र्याहत्तर वर्षांचा होता. दोन भावांनी एकच वाडा मधे भिंत घालून वाटून घ्यावा आणि दोन्हीकडे स्वयंपाक मात्र आईच्याच चवीचा व्हावा, तसलं काहीतरी.

याच धामधुमीत, १९४७ च्या सुमारास पॅरिसमध्ये काम करताना त्याने माइकशी संबंध नसलेला एक शोध लावला. निकेल-कॅडमियमची बॅटरी जास्त चार्ज झाली की गॅस सोडायची, म्हणून ती बंद करता येत नसे. आतला ऑक्सिजन आतल्या आत कॅडमियमच्या प्लेटने शोषून घ्यायचा अशी रचना त्याने केली आणि पूर्ण सीलबंद सेल तयार झाला. आपल्या लहानपणीच्या रिचार्जेबल सेलचं मूळ तिथे आहे. एखाद्याने एवढ्यावर आयुष्य काढलं असतं. याच्या चरित्रात ही गोष्ट चार ओळींत उरकते, आणि मीही तेच केलं!

१९४९ मध्ये यू-४७ आला. आत तीच एम-७, खाली व्हॉल्व्ह. एक बटण फिरवलं की समोरचंच ऐकायचं की चारी बाजूंचं ते ठरवता येतं. अमेरिकेत फ्रँक सिनात्रा यावरच गायचा, लंडनला बीटल्सची गाणी यावर आणि याच्या भावंडावर झाली. पण गंमत बघा, यू-४७ ची रेघ सरळ नाही. वरच्या भागात ती थोडी उचललेली आहे आणि आवाज त्यामुळेच पुढे आल्यासारखा वाटतो. मला प्रश्न पडला की ज्याने उभं आयुष्य रेघ सरळ करण्यात घालवलं, त्याचा सगळ्यात नावाजलेला माइक वाकड्या रेघेचा कसा?

उत्तर एम-५० या माइकमध्ये सापडलं. जर्मन रेडिओत काम करणाऱ्या ग्रोसकॉफ यांची ही कल्पना, १९५१ च्या सुमारास नॉयमानने ती बनवली. सुमारे ४ सेंटिमीटरच्या गोळ्यात छोटा पडदा. नुसता समोरून मोजला तर वरच्या फ्रिक्वेन्सीला रेघ चक्क काही डेसिबल वर जाते. परीक्षेत असा आलेख काढला तर मार्क कापतील. पण हा माइक तोंडाशी धरायचा नव्हताच. तो ऑर्केस्ट्राच्या वर, लांब टांगायचा होता. तिथे आवाज समोरूनच येत नाही. भिंतींवरून, छतावरून, सगळीकडून येतो, आणि बाजूने येणारे बारीक सूर माइकला कमीच ऐकू येतात. त्याचं कारण आपल्या हिशेबातलं आहे. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. म्हणजे १० किलोहर्ट्झची तरंगलांबी जेमतेम ३.४ सेंटिमीटर, माइकच्या डोक्याएवढीच. इतक्या छोट्या लाटेला माइकचं डोकंच आडवं येतं. तेव्हा चारी बाजूंची बेरीज सरळ यायची असेल तर समोरची रेघ वर उचलावीच लागते. डेक्का कंपनीच्या इंजिनिअरांनी असे तीन एम-५० एका चौकटीवर लावून कंडक्टरच्या डोक्यावर टांगले आणि व्हिएन्नाचे मोठमोठे ऑपेरा असेच रेकॉर्ड केले.

म्हणजे कागदावरची रेघ ही समोरून आणि ठरावीक अंतरावरून मोजलेली असते, बहुधा एक मीटरवरून. मी माइक चार बोटांवर ठेवला तेव्हा ती रेघ राहिलीच नव्हती! माझा माइक समोरचंच ऐकणारा होता. तो पुढच्या आणि मागच्या दाबातला फरक मोजतो. आवाज अगदी जवळ असला की हा फरक खालच्या सुरांना भलताच वाढतो, म्हणून डग्गा फुगला. पार मागे नेला तेव्हा ती फूग गेली, समोरून येणारं कमी झालं आणि बाजूचं, पंख्यांचं, पुड्यांचं जास्त झालं. माइक तोच, कागद तोच, मी दोनदा चुकले. आणि कागदाच्या मागच्या बाजूला वेगवेगळ्या कोनांतून मोजलेल्या रेघा होत्याच. मी कागद उलटलाच नव्हता.

१९६० मध्ये यू-६७ आला, कारण एव्हाना गायक माइकला अगदी चिकटून गाऊ लागले होते आणि यू-४७ चा व्हॉल्व्हही बनायचा बंद होत चालला होता. जवळून फुगणारे खालचे सूर कापायला यू-६७ वर एक स्विच दिला. शिवाय त्याची कॅप्सूल मुद्दाम वरचे सूर जास्त देणारी केली आणि आतल्या अॅम्प्लिफायरने ते तेवढेच कमी केले. रेघ पुन्हा जागेवर आली, वर अॅम्प्लिफायरची खरखरही त्याबरोबर कमी झाली. कम्युनिकेशनच्या पेपरला एफएममध्ये प्री-एम्फसिस आणि डी-एम्फसिस लिहितो ना, अगदी तेच. मी दोन वेळा पाठ केलं होतं, समजलं आत्ता.

१९६६ चा एक किस्सा सांगायलाच हवा. कंपनी ट्रान्झिस्टरचे माइक करायला लागली होती. नॉर्वेच्या रेडिओला असे माइक हवे होते, त्यांची पॉवर मात्र त्याच केबलमधून जायला हवी. नॉर्वेत हिवाळ्यात अंधारच अंधार, म्हणून स्टुडिओत लाइट गेले तर लागणाऱ्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती. तीच वापरा असं ठरलं. तेव्हापासून ४८ व्होल्ट हे जगभरचं प्रमाण झालं. आपल्या ऑडिटोरियममधल्या मिक्सरवर ४८ लिहिलेलं एक बटण आहे, ज्याला कोणी हात लावला की काका ओरडतात, ते नॉर्वेच्या अंधारातून आलेलं आहे.

गेऑर्ग नॉयमान ३० ऑगस्ट १९७६ रोजी बर्लिनमध्ये वारला. पुढे १९९१ मध्ये कंपनी झेनहायझरकडे गेली, १९९९ मध्ये तिला तंत्रज्ञानाचं ग्रॅमी मिळालं. भिंत त्याआधीच, १९८९ मध्ये पडली होती. त्याने ती पडलेली पाहिली नाही.

या गुरुपौर्णिमेला रूमीने तीच पदं पुन्हा म्हटली. या वेळी माइक तिच्यापासून पाच-सहा फुटांवर, तबला आणि आवाज दोन्ही समोर येतील असा, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवला. ४८ चं बटण काकांना विचारून दाबलं. पंखे बंद केले, त्यामुळे सगळ्यांनी मला शिव्या दिल्या. जागा ठरवायला मी दोन तास नुसती हॉलमध्ये एक कान बंद करून फिरत होते आणि वॉचमनकाकांना वाटलं माझा कान दुखतोय. डग्गा डग्ग्यासारखा आला. मधे एकदा कोणीतरी खोकलं आहे, ते तसंच राहू दिलं. आजीचा फोन आला तो रूमीला नाही, मला. दुसऱ्या पदात नात एका जागी घाईने श्वास घेते, तो ऐकू आला म्हणाल्या, आणि तिला फोन दे म्हणाल्या.